खून दुसऱ्या पानावर झाला तरी चालेल

रहस्यकथा लिहिताना, आणि त्याहून जास्त त्या वाचताना, पहिल्या वाक्याबद्दल माझी काही मतं पक्की झाली आहेत. दिवाळी अंकासाठी पहिली कथा लिहायला बसणाऱ्यांना उपयोगी पडतील म्हणून मांडतो.

१. पहिल्याच ओळीत प्रेत पडायला हवं, हा हट्ट सोडा. अगाथा ख्रिस्तीच्या 'अ मर्डर इज अनाउन्स्ड' (१९५०) या कादंबरीची सुरुवात सायकलवरून घरोघरी पेपर टाकणाऱ्या मुलापासून होते. कर्नलसाहेबांकडे कोणता पेपर, शेजारच्या बाईंकडे कोणता, हे वाचता वाचता गावातली बरीचशी मंडळी आपल्या ओळखीची होतात. शुक्रवारी त्याच मुलाच्या हातून स्थानिक पेपरही जातो आणि त्यात जाहिरात असते : आज संध्याकाळी साडेसहाला अमुक घरी खून होणार आहे. रोजचा क्रम आधी डोळ्यांसमोर बसला, म्हणूनच तो मोडताना दचकायला होतं.

२. हवामान टाळा. मुसळधार पाऊस, अमावास्या, कडाडणारी वीज यांवर एडवर्ड बुल्वर-लिटन १८३० मध्येच हात मारून गेला आणि आजही त्या वाक्याची थट्टा होते. एल्मोर लेनर्डनेही आपल्या लेखन-नियमांत पहिला नियम हाच ठेवला.

३. खुनी कोण हे दडवणं म्हणजेच रहस्य, असं मी बरीच वर्षं धरून चाललो होतो. रूथ रेंडेलच्या 'अ जजमेंट इन स्टोन'ने (१९७७) ते मत बदलायला लावलं. खून कोणी केला, कोणाचा केला आणि का केला, ही तिन्ही उत्तरं ती पहिल्याच वाक्यात देऊन टाकते. खुनी आहे घरकामाला ठेवलेली युनिस पार्चमन, बळी कव्हर्डेल कुटुंब आणि कारण, तिला लिहिता-वाचता येत नाही! मग उरलं काय? उरतो तो न पटणारा संबंध. अक्षरओळख नसण्यावरून कोणी माणसं मारतं का? हा प्रश्न डोक्यात घेऊन पुढे वाचू लागलं, की मालकिणीने ठेवलेली साधी चिठ्ठीही भीतिदायक वाटते. शेवट ठाऊक असतो आणि तरी पुस्तक खाली ठेववत नाही. पहिल्या वाक्याकडून इतकं काम करून घेतलेलं मी दुसरीकडे पाहिलेलं नाही.

४. निवेदकाचा विश्वास आधी बसू द्या. होम्सच्या पहिल्या कादंबरीत, 'अ स्टडी इन स्कार्लेट'मध्ये (१८८७), डॉ. वॉटसन सुरुवातीला फक्त स्वतःची हकिगत सांगतो : १८७८ साली लंडनची पदवी, सैन्यात नेमणूक, बोटीने मुंबई, तिथून अफगाणिस्तान. मुंबईकर वाचकाला आपल्या गावाचं नाव पाहून बरं वाटतं, ते वेगळंच. पुढे होम्स भेटताक्षणी त्याला अफगाणिस्तानातून आल्याचं ओळखतो, तेव्हा हे उत्तर बरोबर आहे याचे साक्षीदार आपण असतो. ती हकिगत आधी आली नसती, तर होम्सची करामत नुसती ऐकीव राहिली असती.

५. वाक्य काहीही लपवो, खोटं मात्र बोलू नये. ख्रिस्तीच्या 'द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड'ची (१९२६) सुरुवात एका डॉक्टरने रुग्णाची नोंद करावी इतकी कोरडी आहे : गावातल्या बाईंचा मृत्यू, त्याची तारीख, वार, सकाळी आठला आलेलं बोलावणं. अलंकार नाही, सूचक उसासा नाही. कादंबरीचा शेवट मी इथे सांगणार नाही. ज्यांनी ती वाचलेली नाही त्यांचा तो आनंद हिरावून घेण्याचा हक्क कोणालाच नाही. एवढंच सांगतो, की शेवट कळल्यावर त्या ओळींतली माहिती तीच राहते, पण तिचं वजन बदलतं.

६. म्हणून पहिलं वाक्य सगळ्यात शेवटी पक्कं करावं. उकल हाती असल्याशिवाय सुरुवातीला काय ठेवायचं आणि काय गाळायचं हे ठरत नाही. रोनाल्ड नॉक्सने १९२९ मध्ये रहस्यकथेचे दहा नियम मांडले. गुन्हेगाराचा उल्लेख कथेत लवकर यायला हवा, हा त्यातला पहिला. माझ्या मते तो पाळायचा तर पहिल्या पानापासूनच, आणि त्यासाठी गुन्हेगार तुम्हाला आधी पुरता माहीत हवा.

आता एक करा. शेवट ठाऊक असलेली एखादी आवडती रहस्यकादंबरी काढा आणि तिचं फक्त पहिलं पान सावकाश वाचा. लेखकाने तिथे तुमच्यासाठी काय ठेवलं होतं, ते वहीत उतरवा आणि मगच स्वतःची कथा लिहायला बसा.