दाद मागण्याची रीत

(पोलीस आपल्या रक्षणासाठी असतात. पण एखादा पोलीस कर्मचारी चुकीचे वागला, तर नागरिकाने काय करावे? तक्रार कशी लिहावी आणि कोठे द्यावी, हे प्रस्तुत पाठात सांगितले आहे.)

मुलांनो, अक्कलकोट हे सीमेजवळचे गाव. येथील बाजारात मराठी, कन्नड आणि उर्दू या तिन्ही भाषा कानांवर पडतात. श्री स्वामी समर्थांच्या दर्शनासाठी दूरदूरचे भाविक येतात. गर्दीत कोणाचे पाकीट जाते, कोणाचे मूल चुकते. अशा वेळी आपण पोलिसांकडेच धाव घेतो. ऊन असो की पाऊस, ते बंदोबस्ताला उभे असतात.

पण गणवेशातला माणूसही माणूसच. समजा, एखाद्या पोलिसाने फळविक्रेत्याला विनाकारण मारले, किंवा चोरीची फिर्याद लिहून घेण्यास नकार दिला, तर? "जाऊ द्या, पोलिसांशी कोण भांडणार?" असे म्हणून पुष्कळ लोक गप्प बसतात. आपल्या उर्दूत 'तकरार' म्हणजे वाद, भांडण. मराठीत मात्र 'तक्रार' म्हणजे 'शिकायत'. ती भांडून नव्हे, तर कागदावर शांतपणे करायची असते.

अशा एका कागदाची ही हकीकत. १९८२ साली शीला बर्से या पत्रकार मुंबईच्या मध्यवर्ती तुरुंगात गेल्या. तेथे त्यांनी १५ स्त्री कैद्यांच्या मुलाखती घेतल्या. त्यांपैकी पाच जणींनी सांगितले, की पोलीस कोठडीत आम्हांला मारहाण झाली. शीलाताईंनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिले. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानले आणि खरे काय ते पाहण्यासाठी एका समाजकार्य महाविद्यालयाच्या संचालिकांना तुरुंगात पाठवले. १५ फेब्रुवारी १९८३ रोजी निकाल लागला. स्त्रियांसाठी वेगळ्या कोठड्या असाव्यात व तेथे महिला पोलिसांचा पहारा असावा, अटकेची खबर नातेवाइकांना द्यावी, "पोलिसांनी तुम्हांला मारले का?" असे दंडाधिकाऱ्यांनी स्वतः विचारावे, असे आदेश न्यायालयाने दिले. शीलाताईंकडे नेमकी माहिती होती, म्हणून त्यांच्या पत्राला वजन आले.

तुमच्या अर्जातही नेमकी माहिती हवी. कोणी, कोठे, कधी, काय केले आणि कोणी पाहिले, एवढेच लिहा. पोलिसांच्या गणवेशावर नावाची पट्टी असते. ते नाव लक्षात ठेवा. शिवीगाळ किंवा ऐकीव गोष्टी लिहू नका. मुद्दाम खोटी तक्रार करणे हाही गुन्हा आहे. मार लागला असेल, तर आधी सरकारी दवाखान्यात तपासणी करून दाखला घ्या. हा नमुना पाहा :

प्रति,
मा. पोलीस अधीक्षक,
सोलापूर ग्रामीण, सोलापूर.

विषय : चोरीची फिर्याद नोंदवून न घेतल्याबाबत.

महोदय,
दि. ........ रोजी रात्री माझी सायकल घरासमोरून चोरीस गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी १० वाजता मी पोलीस ठाण्यात गेलो. ठाणे अंमलदार श्री. ........ यांनी माझी फिर्याद लिहून घेतली नाही. त्या वेळी माझे शेजारी श्री. ........ हजर होते. तरी चौकशी करून माझी फिर्याद नोंदवून घ्यावी, ही विनंती.
आपला विश्वासू,
(सही, नाव, पत्ता, तारीख)

अर्जाच्या दोन प्रती करा. एक द्या आणि दुसरीवर शिक्का, सही व तारीख घ्या. याला 'पोच' म्हणतात. टपालाने पाठवल्यास पावती जपून ठेवा. पोच नसेल, तर अर्ज दिल्याचे सिद्ध करणे कठीण जाते.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम १७३ नुसार चोरीसारख्या दखलपात्र गुन्ह्याची खबर तोंडी दिली, तरी पोलिसांनी ती लिहून घ्यावी, वाचून दाखवावी आणि तिची नक्कल विनामूल्य द्यावी. ठाण्यात नकार मिळाला, तर पोलीस अधीक्षकांकडे लेखी अर्ज पाठवता येतो. तेथेही दाद लागली नाही, तर दंडाधिकाऱ्यांकडे जाता येते.

मारहाण, लाचखोरी किंवा बेकायदा अटक झाली असेल, तर पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे तक्रार करता येते. अशी प्राधिकरणे स्थापन करा, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी दिला. महाराष्ट्राने २०१४ साली कायद्यात तशी तरतूद केली. राज्य प्राधिकरणाचे अध्यक्ष उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायाधीश असतात. मानवी हक्क आयोगाकडेही घटनेपासून एका वर्षाच्या आत तक्रार करता येते. राष्ट्रीय आयोग तर उर्दूतील अर्जही स्वीकारतो.

मग मराठीत लिहायला का शिकायचे? कारण आपल्या ठाण्याचे आणि अधीक्षक कार्यालयाचे रोजचे कामकाज मराठीत चालते. तुमच्या घरात मराठी लिहिता येणारे कदाचित तुम्हीच असाल. उद्या अब्बा, अम्मी किंवा शेजारची खाला कागद घेऊन तुमच्याकडे येतील. तेव्हा घाबरू नका. अर्ज, फिर्याद, हजर, नक्कल, दाद हे शब्द तर तुमच्या ओळखीचेच आहेत. लेखणी उचला आणि जे घडले, ते खरे खरे लिहा.

शब्दार्थ
दाद मागणे – इन्साफ मागणे
याचिका – न्यायालयात केलेला अर्ज
दंडाधिकारी – मॅजिस्ट्रेट
पोच – अर्ज मिळाल्याची खूण
विनामूल्य – मोफत

स्वाध्याय
१. उर्दूतील 'तकरार' व मराठीतील 'तक्रार' यांच्या अर्थांत काय फरक आहे?
२. शीला बर्से यांच्या पत्रामुळे न्यायालयाने कोणते आदेश दिले?
३. अर्जाची पोच का घ्यावी?
४. रस्त्यावरील फळविक्रेत्याला एका पोलिसाने विनाकारण मारले, अशी कल्पना करून पोलीस अधीक्षकांना अर्ज लिहा.