काकांचा जुना कॉम्प्युटर

प्रश्न : वसमतचे एक वाचक विचारतात, काकांच्या घरी अजून विंडोज ७ आहे. हळदीचे हिशेब, बँक, सगळे त्यावरच. ते बदला असे सांगायला गेले की काका म्हणतात, 'आपल्याकडं चोरण्यासारखं आहेच काय?'

उत्तर : चोराला काकांचे नावही ठाऊक नसते, व्हायरस दिसेल त्या उघड्या दारातून शिरतो. जून २०१७ मध्ये नॉटपेट्या नावाच्या व्हायरसमुळे जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचे काम ठप्प झाले. त्याने वापरलेली विंडोजमधली फट बुजवणारे अपडेट मार्चमध्येच आले होते. ज्यांनी ते टाकले नव्हते, त्यांच्याकडे तो सहज पसरला. विंडोज ७ची मोफत सुरक्षा अपडेट्स तर १४ जानेवारी २०२० लाच थांबली.

मात्र पुतण्याने उपदेशाने सुरुवात करू नये. आधी हिशेब आणि फोटो बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवून ती काढून ठेवावी. जोडलेली राहिली, तर खंडणीखोर व्हायरस तिलाही कुलूप लावतो. मशीनला नवे विंडोज झेपत नसेल, तर लिनक्स मिंट मोफत मिळते. हा बदल होईपर्यंत बँकेचे व्यवहार विंडोज ७वर नकोत.

दुरुस्ती शक्यतो शेजारी बसून, माउस काकांच्या हातात देऊन करावी. दुरून स्क्रीन ताब्यात देण्याची सवय लागली, की उद्या 'बँकेतून बोलतोय' म्हणणाऱ्यालाही ते तशीच देतील. पैसे गेलेच, तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करावा.