बियाण्याची जात ओळखणारी नवी कसोटी

मावळातील शेतकऱ्याने इंद्रायणी म्हणून विकत आणलेले भाताचे बियाणे खरोखरच इंद्रायणीचे आहे किंवा नाही, हे दाणा तळहातावर घेऊन नेहमीच सांगता येत नाही. रोहिणी-मृगात टाकलेले बी उगवते, लावणी होते. आणि भात निसवू लागल्यावर काही लोंब्या आधी, काही मागाहून बाहेर पडू लागल्या म्हणजे भेसळ ध्यानात येते. तोवर हंगाम हातचा गेलेला असतो.

बियाणे अधिनियम, १९६६ अन्वये राज्यात पुणे, नागपूर व परभणी येथे बीज परीक्षण प्रयोगशाळा आहेत. उगवणशक्ती, भौतिक शुद्धता आणि ओलावा यांच्या तपासणीने बियाणे जिवंत व स्वच्छ आहे एवढे समजते. त्याची जात समजत नाही. जातीच्या खात्रीसाठी नमुना शेतात पेरून झाडे पाहावी लागतात. संकरित कापसाच्या प्रमाणित बियाण्याची जनुकीय शुद्धता किमान ९० टक्के असावी लागते. ती या मार्गाने ठरवावयाची तर हंगाम खर्ची पडतो आणि बियाणे गोदामात अडकून राहते.

डीएनए चाचणी हेच काम काही दिवसांत करते. दाण्यातून किंवा कोवळ्या पानातून डीएनए वेगळा काढून त्यातील ठराविक खुणांच्या असंख्य प्रती तयार केल्या जातात व त्यांची लांबी मोजली जाते. स्वयंचलित यंत्रामुळे ९६ खळग्यांच्या एका तबकडीत तितके नमुने एकाच वेळी हाताळता येतात. वनस्पतींच्या अशा खुणांवर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेतही संशोधन झाले आहे.

एकच खूण मात्र पुरेशी नसते. वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने १९८७ मध्ये प्रसारित केलेला इंद्रायणी वाण हा आंबेमोहोर १५७ आणि आय. आर. ८ यांच्या संकरातून निवडलेला आहे. साहजिकच त्याच्या काही खुणा आंबेमोहोराशी जुळतात, तर काही आय. आर. ८ शी. अनेक खुणा एकत्र ताडून पाहिल्याशिवाय तिघांत फरक करता येत नाही. संकरित बियाण्याचे काम त्या मानाने सोपे. नर व मादी अशा दोन्ही वाणांच्या खुणा प्रत्येक दाण्यात असल्याच पाहिजेत. केवळ मादीचीच खूण दिसली तर तो दाणा संकरित नव्हे. मात्र त्यासाठी दाणे सुटे सुटे तपासले पाहिजेत. मूठभर बी एकत्र दळून शुद्धतेचे प्रमाण निघत नाही. शिवाय तुलनेसाठी मूळ वाणाचा खात्रीचा नमुना हाताशी नसेल, तर उत्तम यंत्रही मुकेच राहते.

ही चाचणी उगवणशक्तीविषयी काहीच सांगत नाही, हेही ग्रामपंचायत सदस्यांनी शेतकऱ्यांना समजावून द्यावयास हवे. न उगवलेल्या बियाण्याची तक्रार निराळी आणि दुसऱ्याच जातीचे निघालेल्या बियाण्याची निराळी. सदोष बियाण्याबद्दल शेतकऱ्याला ग्राहक न्यायालयात दाद मागता येते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१२ मध्ये दिला. सगळे बी पेरून टाकणाऱ्या शेतकऱ्याकडून तपासणीसाठी त्यातले काही राखून ठेवण्याची अपेक्षा करता येत नाही, हेही न्यायालयाने मान्य केले. तथापि पावती, पिशवी व तिच्यावरील खूणचिठ्ठी यांसोबत पसाभर बी कोरड्या जागी ठेवलेले असले, तर जातीचा वाद उभ्या पिकाच्या पंचनाम्यावरच अवलंबून राहत नाही.