चिखलाच्या वाटेवरची गाडी



नंदुरबार जिल्ह्यातील धडगाव-अक्कलकुवा भागात डांबरी रस्ता संपल्यावर कित्येक पाड्यांना शेतातलीच वाट असते. पावसाळ्यात तेथे धान्य, औषधे, कधी आजारी माणूस जुन्या फोर-व्हील जीपमधून न्यावा लागतो. जे बंधू अशी गाडी चालवतात, त्यांच्यासाठी हे चार धडे.

१. आधी खाली उतरा. काठी रोवून पाहा. वीतभर खाली टणक लागले तर जा. न लागल्यास पाड्यातल्या माणसाला दुसरी वाट विचारा.

२. फोर-व्हील चिखलात शिरण्यापूर्वीच टाका. काही जुन्या गाड्यांत पुढची चाके हाताने लॉक करावी लागतात, तेही आधीच. लो रेंज, दुसरा गिअर, एकसारखा वेग. मध्येच गिअर बदलू नका.

३. चाक जागीच फिरू लागले की अ‍ॅक्सिलरेटर सोडा. पुढचे एक व मागचे एक चाक घसरले की सारी ताकद त्या दोघांतच वाया जाते, आणि गाडी स्वतःच खड्डा खणते. आल्या चाकोरीने मागे घ्या. न हलल्यास चाकापुढचा चिखल उपसून दगड-फांद्या घाला. दोराने ओढताना जवळ कोणी उभे राहू नये.

४. बांध फोडून किंवा पिकातून गाडी घालू नका. आपली घटकाभराची सोय होते, शेतकऱ्याचे वर्ष जाते.

गाडीत रुग्ण असेल तर वेळीच थांबण्यात कमीपणा मानू नका. रुतलेल्या जीपपेक्षा चौघांच्या खांद्यावरची बांबूची झोळी लवकर पोचते.