१२८ प्रश्न आणि बाकीचा अर्ज

आमचे हे कोल्हापुरात नागरिकशास्त्र शिकवायचे. इतिहासाच्या पुस्तकामागे शेपटासारखा जोडलेला तो विषय त्यांनी निवृत्तीपर्यंत मनापासून शिकवला. त्यामुळे न्यू जर्सीत मुलीकडे राहायला आलो, ग्रीन कार्डाला पाच वर्षं झाली आणि नागरिकत्वाचा एन-४०० अर्ज भरला, तेव्हा परीक्षेची धास्ती मला होती, त्यांना नव्हती. झालं उलटंच. मी पहिल्या फेरीत सुटले; त्यांना पुन्हा जावं लागलं.

प्रश्नांत ते अडले नाहीतच. २० ऑक्टोबर २०२५ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी १२८ प्रश्नांची नवी यादी आहे. त्यातले जास्तीत जास्त वीस तोंडी विचारतात आणि बारा बरोबर आले की थांबतात. ह्यांनी बारा धडाधड दिली. वाचन झालं, ‘सिटिझन्स कॅन व्होट’ हे वाक्य टॅब्लेटवर लिहूनही झालं. अडलं ते अर्जावरच्या प्रश्नांत.

एकाधिकारशाही पक्षाचे सभासद होतात का? ‘नो.’ मग अधिकाऱ्याने शांतपणे विचारलं, टोटॅलिटेरियन म्हणजे काय? हुकूमशाहीवर मराठीत तासभर बोलणारा माणूस गप्प! सरकारी अधिकाऱ्याशी कधी खोटं बोललात का, यावर तर मान डोलावत ‘येस, येस’. आपल्याकडे ‘येस’ म्हणजे ‘ऐकतोय, पुढे बोला’. तिथे तो कबुलीजबाब होतो. इंग्रजीचा भाग राहिला. तेवढ्याच भागासाठी साठ ते नव्वद दिवसांत पुन्हा बोलावतात, तसं बोलावलं.

त्या मधल्या काळात मुलीने आमची शिकवणीच घेतली. अर्जातला प्रत्येक प्रश्न ती शब्द फिरवून विचारायची. उत्तर आधी ‘येस’ किंवा ‘नो’, मग आपल्या मोडक्या इंग्रजीत अर्थाचं एक वाक्य. कळलं नाही तर ‘प्लीज रिपीट’ म्हणायचं. त्याचे गुण कापत नाहीत. मान मात्र हलवायची नाही. ही सवय मोडायलाच सगळ्यात जास्त वेळ लागला.

मराठी मंडळात ऐकलेल्या गोष्टींवर विसंबू नका. साठी उलटली की परीक्षा मराठीत देता येते, असं आम्हालाही ठासून सांगितलं होतं. नुसतं वय चालत नाही. पन्नाशी ओलांडलेल्यांना ग्रीन कार्डाची वीस वर्षं लागतात, पंचावन्न पूर्ण असतील तर पंधरा. पासष्टी आणि वीस वर्षं दोन्ही असतील तर प्रश्नांची यादीही छोटी मिळते. आईवडील म्हणून उतारवयात आलेले आमच्यासारखे यात कुठून बसणार?

उत्तरं घोकू नका, त्यामागची गोष्ट समजून घ्या. लिंकनच्या १८६३च्या मुक्तीच्या जाहीरनाम्यापाशी माझी गाडी अडायची. ह्यांनी सांगितलं, जोतीराव फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या लोकांना अर्पण केली ते हेच, गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेले. त्यानंतर ते उत्तर मला पाठ करावं लागलं नाही.

संघीय निवडणुकीत मतदान हा फक्त नागरिकाचा हक्क, हे त्या १२८ प्रश्नांच्या यादीतच आहे. तरी लायसन्सच्या खिडकीवर मतदार नोंदणीची विचारणा होते आणि आपली माणसं घाईत ‘हो’ करून बसतात. नागरिकत्वाची शपथ होईपर्यंत तिथे ‘नाही’च म्हणा. त्या एका खुणेपायी अर्ज नामंजूर होतो, प्रसंगी देश सोडायची वेळ येते.

गावी जाणंही मोजून. सलग सहा महिन्यांपेक्षा जास्त बाहेर राहिलात तर तुमचं इथलं वास्तव्य खंडित झालं असं धरतात आणि ते तसं नाही हे तुम्हाला सिद्ध करावं लागतं. आमचा हिशेब सोपा: दिवाळीला गेलात तर अक्षय्य तृतीयेच्या आत परत.

आणि एक, जे इथलं कुणी सांगणार नाही. भारतीय राज्यघटनेच्या नवव्या कलमाने आणि १९५५च्या नागरिकत्व कायद्याने दुहेरी नागरिकत्व मिळत नाही. इथली शपथ घेतली की भारतीय पासपोर्ट जमा करायचा. ओसीआय (ओव्हरसीज सिटिझन ऑफ इंडिया) कार्डावर जाणं-येणं होतं, पण मत देता येत नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली राहते. तेव्हा गावाकडे जमिनीचा काही व्यवहार मनात असेल, तर शपथेची तारीख येण्याआधी तिकडच्या वकिलाला गाठा.