ओपानाचे रडार-ठाणे

प्रतिध्वनीच्या पाठानंतर हे उदाहरण अवश्य सांगावे. जिंतूरच्या मुलांना डोंगरावरून परतणारी हाक ठाऊक असतेच. रडार रेडिओलहरींची हाक देते व ती परतण्यास लागलेल्या काळावरून अंतर काढते. ७ डिसेंबर १९४१ रोजी हवाई द्वीपसमूहातील ओआहू बेटाच्या उत्तर टोकास, ओपाना या एकाकी ठाण्यावर, लॉकार्ड व इलियट हे दोन अमेरिकी सैनिक होते. पाळी ७ वाजता संपली. परंतु न्याहारीस नेणारी गाडी आली नव्हती व इलियटला सराव हवा होता, म्हणून यंत्र चालू राहिले. ७ वाजून २ मिनिटांनी २०० किलोमीटरांपलीकडील विमानसमूहाची मोठी खूण पडद्यावर उमटली. त्यांनी दूरध्वनीने कळविले. लेफ्टनंट टायलर यांनी चिंता न करण्यास सांगितले. (कॅलिफोर्नियाहून स्वकीय विमाने खरोखरच येणार होती, हेही सांगावे.) ७ वाजून ५५ मिनिटांनी त्याच बेटावरील पर्ल हार्बरवर जपानी बॉम्ब पडू लागले. येथे थांबून विचारावे : यंत्र चुकले काय?