तेल किती आहे, हे सांगणाऱ्याची नोकरी

महाड



बारावीनंतर पेट्रोलियम इंजिनिअरिंगला जायचं तुझं चाललंय, असं ताई फोनवर म्हणाली. पोलादपूरला आजीचं मात्र एकच पालुपद, ‘तेल संपत आलंय म्हणे, मग पोरीला तिकडे कशाला धाडता?’ आजीचा प्रश्न खुळा नाही. पण संपत आलंय की नाही हे कोण ठरवतं? ते ठरवणारा माणूस म्हणजे रिझर्व्हॉयर इंजिनिअर. तुझ्या मामाची उभी नोकरी त्याच आकडेमोडीत गेली, म्हणून हे लांबलचक पत्र.

रायगड ज्या काळ्या कातळावर उभा आहे, तो कोकणच्या किनाऱ्याशी थांबत नाही. समुद्राखालीही गेलेला आहे. तिथे त्याच्या वर चुनखडीचे थर साचले आणि मुंबईपासून सुमारे 160 किलोमीटरवर त्या चुनखडीत तेल अडकलं. 1960च्या दशकात रशियन जहाजाने केलेल्या पाहणीत तळाखालच्या थरांचा मोठा फुगवटा दिसला होता. नुसता फुगवटा म्हणजे तेल नव्हे. फेब्रुवारी 1974मध्ये ‘सागर सम्राट’ या रिगने, म्हणजे समुद्रात खोदणाऱ्या फलाटाने, तिथे विहीर खणली, तेव्हा खात्री पटली. 21 मे 1976ला या क्षेत्राचं, म्हणजे मुंबई हायचं, उत्पादन सुरू झालं.

पुढचा प्रश्न : किती? थराचं क्षेत्रफळ, जाडी, खडकातल्या छिद्रांचं प्रमाण, त्या छिद्रांत पाणी किती, आणि वर आल्यावर विरघळलेला वायू निघून गेला की तेल आकसतं किती, एवढ्यांवर हिशेब चालतो. गणित आठवीच्या पोरालाही जमेल. गोम अशी, की मैलोगणती पसरलेल्या थराची ही माहिती गोळा करायची असते वीतभर रुंदीच्या मोजक्या भोकांतून.

रिगवर खोदताना विहिरीत फिरवलेल्या चिखलाबरोबर खडकाचा चुरा वर येतो. तो चाळणीत धुऊन अतिनील दिव्याखाली धरतात. तेल असेल तर कण पिवळसर चमकतात. वर द्रावकाचा थेंब टाकला की कणातून दुधट धार सुटते. ती धार पाहिली की नवखा अभियंता हरखतो आणि कागदावर मोठा आकडा लिहून मोकळा होतो. जुना माणूस विचारतो, छिद्रं एकमेकांना जोडलेली आहेत का? तेल आहे हे कळलं, वाहणार का? सगळं जुळून आलं तरी जमिनीतलं बहुतेक तेल जमिनीतच राहतं. तिसरा हिस्सा बाहेर आला तरी लोक खूश असतात.

म्हणून या धंद्यात सहसा एक आकडा देत नाहीत, तीन देतात. प्रत्यक्षात निदान इतकं निघेल याची 90 टक्के शक्यता असलेला, 50 टक्क्यांचा आणि 10 टक्क्यांचा. आपल्याकडचा पाणाड्या तळहातावर नारळ उभा करून ‘दीडशे फुटांवर पाणी’ म्हणतो आणि पैसे घेऊन जातो. आपण किती चुकू शकतो हे तो सांगत नाही. अभियंत्याला पगार नेमका तेच सांगण्याचा मिळतो. त्यात भावही आला. परवडेल तेवढंच तेल ‘साठा’ म्हणून धरायचं असतं. बाजारात भाव पडला, की एक थेंब न हलता साठा कमी होतो!

चुकीच्या रकान्यातला आकडा काय करतो, ते शेल या तेल कंपनीला विचार. जानेवारी 2004मध्ये त्या बलाढ्य कंपनीने आपल्या खात्रीच्या साठ्यातून सुमारे 390 कोटी बॅरल, म्हणजे पाचवा हिस्सा, काढून टाकला. तेल कुठे गेलं नव्हतं. खात्रीच्या रकान्यात ते बसत नव्हतं एवढंच. मार्चमध्ये अध्यक्षांना जावं लागलं. आपल्याकडे कृष्णा-गोदावरी खोऱ्यातल्या धीरूभाई 1 आणि 3 या क्षेत्रांतून दिवसाला 8 कोटी घनमीटर वायूचा बेत होता. एप्रिल 2009मध्ये वायू आला, वर्षाभरातच उतरणीला लागला आणि फेब्रुवारी 2020मध्ये बंद झाला. भूगर्भ अपेक्षेपेक्षा गुंतागुंतीचा निघाला, असं ती क्षेत्रं चालवणारी कंपनी म्हणाली. विहिरी कमी खणल्या, असं सरकारी यंत्रणा. दोघांचं भांडण तुला सोडवायचं नाही. पण आकडा कशावरून काढला हे तारखेसह लिहून ठेवायची सवय पहिल्या दिवसापासून लाव. वरून कोणी ‘जरा वाढव’ म्हणालं, तर कारण लेखी माग. अशा लोकांना बढती उशिरा मिळते, हेही सांगून ठेवतो.

समुद्राची नोकरी म्हणजे चौदा दिवस तिकडे, चौदा दिवस घरी, जुहूहून हेलिकॉप्टर. धोका खरा आहे. जुलै 2005च्या ज्या आठवड्यात आपल्या दासगाव-जुईवर दरड कोसळली, त्याच आठवड्यात, 27 तारखेला, मुंबई हायचा एक प्लॅटफॉर्म जळून गेला आणि 22 माणसं गेली.

तेल संपण्याचं म्हणशील, तर म्हातारं क्षेत्र जास्त हिशेब मागतं. मुंबई हायचं उत्पादन वाढवायला ओएनजीसीने जानेवारी 2025मध्ये बीपीला तांत्रिक भागीदार म्हणून घेतलं, ते उगीच नाही. शिवाय उद्या कार्बन डायऑक्साइड जमिनीत साठवायचा झाला, तरी हेच गणित लागणार.

लोणेऱ्याचं पेट्रोकेमिकल इंजिनिअरिंग घराजवळ आहे म्हणून त्याला भुलू नकोस. ती तेल वर आल्यानंतरची विद्या. चांगली आहे, पण वेगळी. पेट्रोलियमसाठी धनबादला जमलं तर उत्तम, नाहीतर पुणे. अर्जात पेट्रोलियम पहिलं, भूगर्भशास्त्र दुसरं आणि पेट्रोकेमिकल तिसरं टाक.

तुझा मामा